विष उतरल्यावर

कोहमाऱ्याजवळील एका परिचित घरीं नुकतेंच आमचें जाणें झालें. गतवर्षीं धानावर फवारणी करतांना तेथील धाकट्या बंधूंस विषबाधा झाली होती. रुग्णालयांतून ते सुखरूप परतले. पण आतां बांधावर गेल्यावर कशासाठीं आलों हेंच विसरतात. घरचीं माणसें त्यांस आळशी ठरवितात.

आमच्या मतें हा आरोप घाईचा आहे. 'विष्' या धातूचा अर्थच व्यापणें. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशकें मज्जातंतूंतील संदेश आवरतें घेणारें द्रव्य निकामी करतात. मग लाळ, घाम, आंचके सुरू होतात. अॅट्रोपीनच्या उताऱ्यानें प्राण वांचले, तरी मेंदूवरील परिणाम कधीं कधीं मागें उरतो. निकाराग्वा देशांतील अशा ३६ पुरुषांची सुमारें दोन वर्षांनीं परीक्षा घेतली, तेव्हां अवधान व स्मरण यांत ते इतरांहून मागें पडले. हा वृत्तांत १९९१ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आला.

२०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें वीसांहून अधिक माणसें दगावलीं, शेंकडों आजारी पडलीं. मृतांची गणना सरकार करतें. वांचलेल्यांच्या स्मृतीची विचारपूस मात्र घरच्यांनींच करावयाची असते.

म्हणून विसरणाऱ्यावर रागावूं नये. कामें कागदावर लिहून द्यावींत, डॉक्टरांस जुनी विषबाधा आवर्जून सांगावी, आणि पुन्हां फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर देऊं नये. आपल्या शेतांत फवारणारा गडी असला, तरी त्यासही हाच न्याय लावावा.