दरवेशाचे अस्वल आणि आपले पैसे

सुटीत आग्र्याला जाणारी मराठी कुटुंबे ताजमहाल आणि किल्ला पाहतात, पेठा घेतात आणि परततात. या सहलीत आणखी अर्धा दिवस काढून मुलांना मथुरा रस्त्यावरच्या कीठम तलावाकडे न्यावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. तेथील सूर सरोवर पक्षी अभयारण्यात उत्तर प्रदेश वनविभाग आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था २००२पासून अस्वलांचे बचाव केंद्र चालवत आहेत.

ही अस्वले नाचवली जाणारी. डमरू वाजवत गावात शिरणारा दरवेशी आपल्याकडच्या आजी-आजोबांना अजून आठवतो. अस्वल दोन पायांवर उभे राही, सलाम करी. त्याचा केस ताइतात घालून बाळाच्या गळ्यात बांधला जाई. उत्तरेत हा धंदा कलंदर समाजाकडे होता. अंगणातल्या गर्दीला त्याची दुसरी बाजू दिसत नसे. मादीला मारून पिल्लू पळवायचे, तापलेल्या सळईने त्याचे नाक टोचून दोरी ओवायची, दात पाडायचे. दोरीला हिसका बसला की जिवाच्या आकांताने अस्वल उठे आणि पाहणारे खूश होऊन पैसे टाकत.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे बेकायदा ठरले, तरी खेळ तीन दशकांहून अधिक काळ चालूच राहिला. पाहणारे होते आणि कलंदराची चूल अस्वलाच्याच जिवावर पेटत होती. अस्वल स्वाधीन करणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या रोजगारासाठी मदत आणि मुलांना शाळा मिळू लागली, तेव्हा हे चित्र बदलले. सहाशेहून अधिक अस्वले सोडवली गेली आणि २००९च्या अखेरीस शेवटचे नाचणारे अस्वल बचाव केंद्रात पोहोचले. माणसाच्या पोटाची सोय केल्याशिवाय प्राण्याची सुटका टिकत नाही, हे येथे सिद्ध झाले.

केंद्रात मुलांना झाडांखाली पहुडलेली, हौदात डुंबणारी, ओंडक्यातला मध चाटणारी अस्वले दिसतील. ‘यांना जंगलात का सोडत नाहीत?’ असे ती विचारतीलच. उत्तर देताना आडपडदा ठेवू नये. दात नाहीत, काहींची दृष्टी गेली आहे आणि वारूळ उकरून वाळवी खायला शिकवणारी आई पिल्लू पकडतानाच मारली गेली. सुटका झाली, पण रान कायमचे गेले. मेळघाटात, ताडोब्यात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत आज मोकळी फिरणारी अस्वले जपायची ती यासाठीच.

आज दरवेशी दारात येत नाही. पण पैसे घेऊन पिल्लू मांडीवर देणारी, वन्य प्राण्याला खेटून फोटो काढू देणारी, हत्तीची सवारी घडवणारी ठिकाणे आहेत. त्यांतली काही स्वतःला अनाथालय म्हणवतात. खऱ्या बचाव केंद्रात प्राण्याला हात लावू देत नाहीत, त्याच्याकडून काही करवून घेत नाहीत आणि त्याला एकांत हवा असेल तर तो दिसतही नाही. ज्या ठिकाणी प्राण्याला पाहुण्यांसाठी राबवले जाते, तेथे फलक कोणताही असो, धंदा दरवेशाचाच आहे आणि तो आपल्याच पैशावर चालतो. आई-वडिलांनी तेथे तिकीट काढू नये. का काढले नाही, हेही मुलांना तेथेच सांगावे.