मेंदूतले नवे ट्रेनी

‘विशीनंतर मेंदूत एकही नवी पेशी बनत नाही, तेव्हा आहेत त्या जपा!’ मागे याच पानावर मी ठोकून दिलं होतं. परवा माझ्या जुन्या रूममेटने कटिंग पिता पिता विकेट काढली. ‘‘कोणाची अँटिबॉडी वापरून ठरवलंस गं?’’ मॅडम न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करतात.

मला अँटिबॉडी म्हणजे तापानंतरची ब्लड टेस्ट एवढंच ठाऊक. लॅबचा फंडा वेगळा. हवं ते प्रोटीन सशाला किंवा बकरीला टोचायचं, तिच्या रक्तात तयार झालेली अँटिबॉडी काढायची आणि मेंदूच्या पातळ कापावर सोडायची. प्रोटीन दिसलं की ती चिकटते. मग रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघायचं.

यातलं स्टार प्रोटीन म्हणजे डबलकॉर्टिन. नुकत्याच जन्मलेल्या न्यूरॉनमध्ये ते भरपूर असतं, पेशी मोठी झाली की ओसरतं. थोडक्यात, प्रोबेशनवरच्या ट्रेनीचं आयकार्ड!

मार्च २०१८मध्ये ‘नेचर’मध्ये कॅलिफोर्नियाच्या टीमने लिहिलं, की मोठ्या माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असे ट्रेनी सापडतच नाहीत. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कची कोलंबियाची टीम म्हणाली, ७९व्या वर्षीही सापडतात! २०१९मध्ये माद्रिदच्या टीमने वेगळीच मेख सांगितली. मृत्यूनंतर मेंदू फॉर्मलिनसारख्या द्रावणात फार तास राहिला, की डबलकॉर्टिनची खूणच पुसट होते. म्हणजे पेशी असूनही अँटिबॉडीला दिसत नाहीत. उलट बाजूचे म्हणतात, अँटिबॉडी भलत्याच पेशींनाही चिकटते. डिप्रेशन, अल्झायमरच्या उपचारांच्या केवढ्या आशा या चिकटण्यावर टांगलेल्या!

‘‘माझे दीड महिने असेच गेले,’’ ती म्हणाली. महागडी बाटली, झकास हिरवे फोटो, गाईडही खूश. मग ते प्रोटीन मुळातच नसलेल्या उंदराच्या मेंदूवर तीच अँटिबॉडी टाकली. तिथेही सगळं हिरवंगार! ‘‘ही टेस्ट आधी करायला हवी होती. पण बाटलीवरच्या लेबलवर विश्वास ठेवला.’’

मी गप्प. मी तर लेबलही वाचलं नव्हतं, एका फॉरवर्डवर कॉलम लिहिला होता.

तर दुरुस्ती. २०२५मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या टीमने एकेका पेशीकेंद्रातला आरएनए वाचला आणि मोठ्या माणसांतही विभागणाऱ्या मूळ पेशी दाखवल्या. काहींत पुष्कळ, काहींत जवळपास नाहीतच. माझं ‘एकही नाही’ मागे घेतेय. माझ्या डोक्यात किती, ते मात्र रूममेटने सांगायला नकार दिलाय.