इंग्रजांच्या नावाची नीसची वाट

फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील नीस हे शहर पाहायला गेलेला प्रवासी प्रथम समुद्रालगतच्या ‘प्रॉमनाड देझांग्ले’ या लांबलचक रस्त्यावर जातो. निळे पाणी, गोट्यांचा किनारा, १९१३ मध्ये उघडलेल्या नेग्रेस्को हॉटेलचा गुलाबी घुमट, एवढे छायाचित्रात आले की नीस ‘पाहून झाले’ असे मानण्याची रीत आहे. या नावाचा अर्थ ‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’ असा. फ्रान्सच्या एका शहराचा मुख्य रस्ता इंग्रजांच्या नावाने का, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. पडला तरी मिळणारे उत्तर बहुधा अर्धवट असते.

अठराव्या शतकापासून श्रीमंत इंग्रज येथे येत ते उन्हाळ्यात नव्हे, हिवाळ्यात. टोबायस स्मॉलेट हा कादंबरीकार १७६३ मध्ये प्रकृतीसाठी येथे राहिला आणि त्याने लिहिलेल्या प्रवासपत्रांमुळे शहराचे नाव इंग्लंडभर झाले. क्षयाचे रुग्ण उबेच्या आशेने येत. अनेकजण परत गेलेच नाहीत. रशियाचा युवराज निकोलाय १८६५ मध्ये येथेच वारला. आज ज्या समुद्रस्नानासाठी लोक धावतात, ते या शहराच्या वैभवाचे मूळ कारण नव्हेच.

१८२०-२१ चा हिवाळा कडाक्याचा गेला. शहरात बेकारांची आणि भिकाऱ्यांची गर्दी झाली. तेव्हा लुईस वे या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या समाजाकडून वर्गणी जमवली आणि या लोकांना किनाऱ्यालगत वाट बांधण्याच्या कामाला लावले. वाट जेमतेम दोन मीटर रुंद होती. फुकट भीक देण्याऐवजी मजुरी दिली, हे वे यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. दुष्काळी कामांची आठवण ज्या महाराष्ट्राला आहे, त्याला तर ही पद्धत ओळखीचीच वाटेल. पण वाटेला नाव पडले ते पैसे देणाऱ्यांचे. हिवाळ्यात दगड वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव रस्त्यावर नाही.

स्थानिक लोक आपल्या निसार बोलीत तिला ‘कामिन देइ आंग्लेस’, म्हणजे इंग्रजांची वाट म्हणत. १८६० नंतर या नावाचे फ्रेंच भाषांतर झाले आणि तेच अधिकृत ठरले.

हे १८६० साल नीसच्या इतिहासातील खरा पेच आहे. तोवर हे शहर सार्डिनियाच्या राज्यात होते. ऑस्ट्रियाविरुद्धच्या १८५९ च्या युद्धात तिसऱ्या नेपोलियनने साहाय्य केले, त्याची किंमत म्हणून काव्हूरने सव्हॉय आणि नीस फ्रान्सला देऊ केले. २४ मार्च १८६० रोजी करार झाला. जनमत त्यानंतर, एप्रिलमध्ये घेतले गेले. नीस प्रांतात २५,७४३ मते विलीनीकरणाच्या बाजूने आणि अवघी १६० विरुद्ध! करार आधी, कौल मागून आणि फ्रेंच सैन्य दाराशी. अशा मतदानातील हे आकडे लोकेच्छेचा पुरावा म्हणून वाचणे भाबडेपणाचे आहे. फ्रान्सकडे ओढा असणारे लोक शहरात होते, हेही खरे. परंतु किती होते, हे त्या मतपेट्या सांगू शकत नाहीत.

या व्यवहारात सर्वाधिक दुखावला गेला तो गॅरिबाल्डी. १८०७ मध्ये याच शहरात त्याचा जन्म झाला. (त्या वेळी नीस पहिल्या नेपोलियनच्या ताब्यात होते, म्हणजे इटलीचा हा वीर जन्मला तो फ्रेंच अंमलाखाली!) तुरीनच्या संसदेत नीसचा प्रतिनिधी म्हणून त्याने विलीनीकरणाला विरोध केला. त्याच्याच जन्मगावी त्याला परका ठरवण्यात आले होते. पुढच्याच महिन्यात तो आपले हजार सैनिक घेऊन सिसिलीकडे निघाला. इटली एक होत होती, तिला एक करणाऱ्याचे गाव मात्र तिच्याबाहेर राहिले.

रस्ता पुढे रुंद होत गेला. १९३१ च्या जानेवारीत त्याच्या नव्या भव्य रूपाचे उद्घाटन झाले ते व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते. मराठी वाचकाने येथे थांबावे. हाच ड्यूक मुंबई सैन्याचा सेनापती असताना १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली होती. दागिन्यांनी मढलेल्या त्या सभेत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात आले आणि येथे जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश खेड्यांत आहे, असे त्यांनी ड्यूकला सुनावले. त्रेचाळीस वर्षांनी ऐंशी वर्षांच्या ड्यूकने नीसचा रस्ता खुला केला, तेव्हा दोन मीटरांची मूळ वाट कोणी बांधली, हे त्याला सांगणारा कोणी फुले तेथे होता का?

२०२१ मध्ये युनेस्कोने नीसला ‘हिवाळी विश्रामनगर’ म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मान रास्तच आहे. पण त्यामुळे शहराची ओळख पाहुण्यांच्या नजरेतून पक्की होण्याचा धोका आहे. म्हणून पाहण्याचा क्रम उलटा धरावा. आधी किल्ल्याच्या टेकडीवर चढावे. तेथे किल्ला नाही. चौदाव्या लुईच्या आज्ञेने १७०६ मध्ये तो पाडला गेला. एका बाजूला अठराव्या शतकात खोदलेले लिंपिया बंदर दिसते, त्याच्याच परिसरात गॅरिबाल्डीचे बालपण गेले. दुसऱ्या बाजूला जुन्या शहराची दाट छपरे आणि त्यांच्या पलीकडे इंग्रजांची वाट. मग खाली गल्ल्यांत उतरावे. तेथील पाट्यांवर फ्रेंच नावाच्या जोडीला निसार नावही लिहिलेले असते.