आपटली कुठे, ते आधी सांगा

घरात काचेचं भांडं फुटलं की "कुणाला लागलं का?" हा प्रश्न नंतर येतो, "कुणी फोडलं?" हा आधी. गाडीच्या बाबतीतही आपल्याकडे तीच रीत आहे. चाक फूटपाथच्या कडेवर नाहीतर दुभाजकावर दणकन आपटलं की चालवणारा खाली उतरतो, रिमवरून बोट फिरवतो, इकडेतिकडे बघतो आणि "काही नाही झालं" असं स्वतःलाच सांगून निघतो. घरी तर बोलायचा प्रश्नच नाही. मग पंधरा दिवसांनी दुसराच कुणीतरी गाडी चालवताना म्हणतो, "अरे, हा आवाज कसला येतोय?"

मंडळी, माझं म्हणणं साधं आहे. एक, चाक आपटल्याची गोष्ट लपवणं हे आपटण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. आणि दोन, "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्या" हे प्रत्येक आवाजावरचं औषध नाही. ताप आला की क्रोसिन, तसं ते झालंय. ताप उतरतोही, पण ताप का आला होता ते कळत नाही.

आमच्या ताईच्या गाडीचं उदाहरण सांगतो. (नातेवाइकांना ही गोष्ट पाठ आहे, त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल :)) गाडी साधारण ८०च्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायचं. भावजींनी एका दुकानात अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घेतलं. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा दुकान, पुन्हा पैसे. त्याच आठवड्यात आईला घेऊन सगळे एक्सप्रेसवेने मुंबईला निघणार होते. माझा भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, बाबांना सांगू नकोस, पण मागच्या महिन्यात पावसात डावं पुढचं चाक दुभाजकाच्या कोपऱ्यावर चढलं होतं." झालं! मेकॅनिकला एवढं एकच वाक्य सांगितलं. त्याने ते चाक काढलं, आतली बाजू फडक्याने पुसली, आणि तिथे लिंबाएवढा फुगा. पहिल्यांदा बॅलन्सिंग केलं तेव्हा तो कदाचित दिसण्याइतका आलाही नसेल. पण चाक आपटलंय हे माहीत असतं तर टायर आतून-बाहेरून तपासल्याशिवाय कुणी ते परत बसवलं नसतं.

हा फुगा म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीत, रबराच्या आत, दोऱ्यांचं विणकाम असतं. हवेचा दाब खरं तर ते विणकाम पेलतं, रबर नाही. कडेवर आपटताना टायर रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटला जातो आणि आतले दोरे तुटतात. मग त्या जागी नुसतं रबर उरतं आणि हवा त्याला बाहेर ढकलते. याला पंक्चर नाही, पॅच नाही, काही नाही. टायर बदलायचा, बस्स. भर वेगात तो फुटला तर काय होईल हे मी लिहायची गरज नाही. आईसकट पाच माणसं त्या गाडीत बसणार होती.

हल्ली हे जास्त का होतं? कारण टायरच्या भिंती बुटक्या होत चालल्यात. टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असेल तर भिंतीची उंची १६५ मिलिमीटरच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. तेच १९५/५५ आर १६ असेल तर जेमतेम १०७. गाडी दिसायला ऐटदार, पण दणका झेलायला उशी कमी.

आता आवाजाचं. कंटाळा न करता वाचा, उपयोगी पडेल.

थरथर एका ठरावीक वेगालाच येते आणि स्टिअरिंगमध्ये जाणवते, तेव्हा बहुतेक वेळा पुढच्या चाकात गडबड असते. सीटखाली, बुडाखाली जाणवते तेव्हा मागच्या. दणक्याने रिमवरची छोटी वजनं उडाली असतील तर बॅलन्सिंगने काम होतं. पण रिमच वाकली असेल तर? बॅलन्सिंगचं मशीन वजन सारखं करून देतं, वाकलेलं गोल करून देत नाही. मशीनवर शून्य दिसतं आणि रस्त्यावर चाक नाचतच राहतं. म्हणून चाक मशीनवर फिरत असताना आकड्याकडे नाही, रिमच्या कडेकडे बघा. स्थिर काहीतरी जवळ धरलं की कड डुलतेय का ते साध्या डोळ्यांना कळतं.

अलाइनमेंटचं दुखणं वेगळं. गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं, टायर एका कडेने झिजतो. नुसती थरथर असेल तर अलाइनमेंटकडे बोट दाखवू नका. आणि दणक्यानंतर अलाइनमेंट बिघडलीच असेल तर आधी टाय रॉड, लोअर आर्म वाकलेत का ते बघायला हवं. वाकलेल्या भागावर अलाइनमेंट करणं म्हणजे लंगडणाऱ्या माणसाला नवीन चप्पल घेऊन देणं.

घूंऽऽ असा आवाज वेगाबरोबर वाढत जातो, तेव्हा बेअरिंगचा संशय घ्यावा. दणक्याने बेअरिंगच्या आतल्या गुळगुळीत वाटेवर बारीक खळगे पडतात. लगेच काही कळत नाही, आवाज काही आठवड्यांनी सुरू होतो, तोवर आपण दणका विसरलेले असतो. याची खूण अशी: त्याच वेगात गिअर बदलून पाहा. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नाही, चाकांकडचा. मग मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळा. गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. आवाज वाढला तर बेअरिंग बहुधा उजवीकडचं, उलट वळल्यावर वाढला तर डावीकडचं. आणि सिमेंटचा रस्ता संपून डांबरी लागला की आवाज एकदम बदलत असेल, तर तो टायरचा किंवा रस्त्याचाच असण्याची शक्यता जास्त.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टकटकटक वाजलं तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा तपासा. आणि पत्रा घासल्यासारखं खरखर वाजत असेल तर घाबरण्याआधी बघा, ब्रेकमागचा पातळ पत्रा वाकून चकतीला लागत असेल, किंवा चाकावरचं प्लास्टिक सुटून टायरला घासत असेल. कधीकधी एवढंच निघतं!

संशय टायरचा की बेअरिंगचा हे ठरत नसेल तर पुढचं चाक मागे टाकून बघावं. आवाज किंवा थरथर चाकाबरोबर मागे गेली, तर दोष चाकात. पुढेच राहिली, तर तो बेअरिंगमध्ये किंवा सांध्यात. यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. (फुगा आलेला टायर मात्र पुढे-मागे कुठेच लावू नका.) गाडी उचलल्यावर चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून खेळ आहे का तेही बघता येतं. पण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, आणि चाक पुन्हा बसवल्यावर नट नीट आवळलेत ना ते तपासायचं.

असो. तर सांगायचा मुद्दा असा की या सगळ्या तपासाची सुरुवात एका वाक्याने होते: कुठे, कुठल्या चाकाने, किती वेगात आपटली. हे वाक्य आपल्याकडे मिळत नाही, कारण ते सांगणाऱ्याला आधी शिव्या बसतात. काहींचं म्हणणं असतं, ओरडलं नाही तर मुलं बेफिकीर होतील. मला ते पटत नाही. ओरडल्याने मुलं सावध होतात असं दिसत नाही, गप्प मात्र होतात. आणि गाडीच्या बाबतीत गप्प बसणं फार महाग पडतं, पैशांनी आणि त्याहूनही.

गॅरेजवाल्यांनाही एक सांगणं आहे. "बॅलन्सिंग करून देतो" म्हणण्याआधी "साहेब, कुठे आपटली होती का?" एवढं विचारत जा. चाक हातात आलंच आहे तर आतली बाजू पुसून बघा. त्यात दोन मिनिटं जातात. गिऱ्हाईक त्या दोन मिनिटांचे पैसे द्यायला नाही म्हणणार नाही, निदान मी तरी म्हणणार नाही.

आणि ज्यांच्या घरात नुकतंच लायसन्स मिळालेलं कुणी आहे त्यांनी आजच जेवताना सांगून टाका, "गाडी आपटली तर त्याच दिवशी सांगायचं, कुणी ओरडणार नाही." आणि मग खरंच ओरडू नका. अवघड भाग तो आहे.