बर्फात बॅट कशी फिरवायची?

विषय लांबचा आहे, पण अन्याय ओळखीचा वाटेल.

अमेरिकेत कॉलेज बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. तेव्हा फ्लोरिडा, टेक्सासात ऊन आणि मिनेसोटा, मिशिगनची मैदानं बर्फाखाली. उत्तरेची पोरं छताखाली सराव करतात. उंच उडालेला चेंडू तिथं झेलणार कसा? सुरुवातीचे सामने मग दक्षिणेत, परक्या मैदानावर. विमान-हॉटेलचा खर्च होतो, वर्ग बुडतात ते वेगळंच.

वर शहाणे म्हणतात, उत्तरेत दमच नाही! अहो, मिनेसोटाने १९५६, १९६० आणि १९६४ ला राष्ट्रीय विजेतेपद जिंकलंय. १९६६ ला ओहायो स्टेटने. २०१९ ला मिशिगन अंतिम फेरीत होतं. दम आहे, वेळापत्रक नाही. विस्कॉन्सिनने तर १९९१ ला संघच बंद केला.

हंगाम महिनाभर पुढे ढकला म्हटलं, की उत्तर येतं, उन्हाळ्यात पोरं सुट्टीवर असतात. मग फेब्रुवारीत बर्फ सुट्टीवर असतो का?

नियम सगळ्यांना सारखा म्हणायचं आणि तारीख मात्र एकाच्या अंगणातलं ऊन बघून ठरवायची. याला स्पर्धा म्हणायचं का? तुम्हीच सांगा.