आवाज व्हड, पूण भितर कोण ना

गेल्या वर्षी आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचं पार्श्वसंगीत मी केलं. ऐतिहासिक नाटक, त्यामुळे दरबार, लढाई, राज्याभिषेक सगळं आलंच. पूर्वी अशा नाटकाला एक ऑर्गन, एक तबला आणि विंगेत बसलेला व्हायोलिनवाला पुरायचा. आता लॅपटॉप पुरतो. मी दिवसा सरकारी कचेरीत फायली हलवतो आणि रात्री हा उद्योग करतो, त्याला आता पंधराएक वर्षं झाली. तेव्हा पुढे जो राग काढणार आहे त्यातला पहिला आरोपी मीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

झालं असं. राज्याभिषेकाच्या प्रवेशाला मी सॅम्पल लायब्ररीतून व्हायोलिनं, चेलो, हॉर्न असा थाट मांडला. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खऱ्या वादकांकडून एकेक स्वर हळू, जोरात, आखूड, लांब असा वाजवून घेऊन साठवलेला असतो. आपण की-बोर्डवर पट्टी दाबली की तो स्वर वाजतो.) ऐकलं तर पातळ. राजा सिंहासनावर चढतोय आणि मागे बारशाचा ऑर्केस्ट्रा. मग मी तेच केलं जे हल्ली सगळेच करतात. चेलोच्या खाली एक सप्तक उतरून संगणकाचा साधा गुरगुरणारा स्वर घातला. नगाऱ्याखाली निम्म्या वेगाने वाजवलेला दरवाजा आपटल्याचा आवाज घातला. वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली जातो आणि घरातलं दार किल्ल्याचा दरवाजा होतं, ही जुनी युक्ती. व्हायोलिनांवर दुसऱ्या लायब्ररीतली व्हायोलिनं चढवली, त्यावर तिसरी. हॉर्नला थोडं करकरीत केलं, म्हणजे फाटेपर्यंत फुंकतायत असं वाटावं. मग सगळ्यावर एखाद्या प्रचंड इगर्जीएवढा रिव्हर्ब, आणि शेवटी कॉम्प्रेसरने सगळं दाबून वर उचललं. घरच्या हेडफोनवर अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

जत्रेच्या रात्री त्या खालच्या गुरगुराटाने मंडपाचे पत्रे खडखडायला लागले. राजाचं भाषण तिसऱ्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही. तरी नाटक संपल्यावर चारपाच जणांनी पाठ थोपटली, 'सिनेमासारखं वाटलं' म्हणाले. आमच्या वाड्यावर एक वयस्क व्हायोलिनवादक राहतात, तरुणपणी मुंबईत फिल्मच्या रेकॉर्डिंगला वाजवत. तेही आले होते. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या हौसेने त्यांना तो तुकडा हेडफोनवर ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आवाज व्हड आसा रे, पूण भितर कोण ना."

मला राग आला. माझ्या हिशेबाने आत साठ व्हायोलिनं होती!

त्या रागातून मी जरा शोधाशोध केली, विचार केला, आणि म्हातारा बरोबर आहे अशा निष्कर्षाला आलो. का, ते सांगतो.

एका व्हायोलिनशेजारी तितक्याच जोराने दुसरं वाजलं तर आवाज साधारण ३ डेसिबलने वाढतो. सोळा व्हायोलिनं एकापेक्षा १२ डेसिबलने मोठी. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे एका वादकाच्या जागी दहा बसवले की आवाज कुठे दुप्पट वाटतो. मग ऑर्केस्ट्रात एवढी माणसं कशाला बसवतात? कारण सोळा माणसं एकच स्वर कधीच अगदी एकसारखा वाजवत नाहीत. एकाचा बो केसभर आधी पडतो, दुसऱ्याचा स्वर किंचित वर, तिसऱ्याचा कंप जरा संथ. या बारीकसारीक तफावतींच्या घर्षणातून तो रेशमी, रुंद, हलता आवाज तयार होतो. आता लॅपटॉपवर तेच रेकॉर्डिंग स्वतःवरच चढवा. जोर वाढतो ६ डेसिबलने, म्हणजे खऱ्या माणसापेक्षाही जास्त, आणि रुंदी वाढते शून्य. नुसता व्हॉल्यूमचा खटका वर केल्यासारखं. दोन वेगळ्या लायब्ऱ्या एकत्र केल्या तर थोडी तफावत येते, हे मान्य. पण तीही प्रत्येक स्वरापुरती. त्या सोळा जणांनी 'सा' वेगळा वाजवला होता, 'रे' वेगळा वाजवला होता. 'सा'वरून 'रे'वर जाताना एकमेकांकडे बघून जो श्वास घेतात तो त्यांनी माझ्या चालीसाठी कधी घेतलाच नव्हता. हल्ली स्वर जोडणाऱ्या लेगॅटोचीही रेकॉर्डिंगं असतात, पण ती जोडणी कुणाच्यातरी दुसऱ्याच चालीची.

आणखी एक गंमत. हॉर्नच्या पॅचमध्ये चार वादक एकत्र वाजलेले असतात. मी त्यावर चार स्वरांचा कॉर्ड दाबतो. झाले सोळा हॉर्न! जगातल्या भल्याभल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रातही नेहमी चार, फार तर सहा-आठ हॉर्नवाले बसतात. माझ्या लॅपटॉपात सोळा, आणि तरी पातळच. मग त्या सोळांना 'मोठं' करायला आणखी दोन थर.

आता इथे कुणी म्हणेल की हा बुवा सॅम्पल्सच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. लायब्ऱ्या करणाऱ्यांनी अफाट मेहनत घेतली आहे. व्हिएन्नावाल्यांनी एकेका वाद्याचे स्वर टिपायला खास शांत स्टुडिओ बांधला. बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची लायब्ररी, जी २०१९ साली आली, ती लंडनच्या मैदा वेल स्टुडिओत अख्खा ऑर्केस्ट्रा बसवून टिपली. ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा माझ्यासारख्याला त्यामुळे ऑर्केस्ट्रासाठी लिहायला शिकता येतं. हे वरदानच म्हणायचं. आणि साउंड डिझाइन हेही पाप नव्हे. १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचं यंत्र निघालं. त्यात स्ट्राव्हिन्स्कीच्या 'फायरबर्ड'मधला ऑर्केस्ट्राचा एक तडाखा साठवलेला होता. १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये तो ऐका. तो ऑर्केस्ट्रा असल्याचा आवच आणत नाही, उघडउघड यंत्रासारखा वाजतो, म्हणून मजा येते. २०१० च्या 'इन्सेप्शन'मधला तो कुप्रसिद्ध भोंग्यासारखा ब्रासचा आवाज घ्या. हान्स झिमरने काय केलं होतं? मधोमध पियानो ठेवला, त्याचं पेडल दाबून ठेवलं आणि ब्रासवाल्यांना त्या पियानोच्या दिशेने फुंकायला लावलं, म्हणजे पियानोच्या तारा आपोआप घुमू लागल्या. साउंड डिझाइनच आहे हे, पण त्याच्या मुळाशी हाडामांसाची फुप्फुसं आहेत. पुढे जगभरच्या लोकांनी फक्त तो भोंगा उचलला. आता मोबाइलची जाहिरात असो, संतांवरचा सिनेमा असो की आमचं जत्रेतलं नाटक असो, सगळीकडे तोच 'ब्राऽऽम'. शिवाजीमहाराज सिंहासनावर बसतात तेव्हाही तोच, आणि परग्रहावरची तबकडी उतरते तेव्हाही तोच.

माझं खरं भांडण 'मोठं' या शब्दाच्या या अर्थाशी आहे. मोठं म्हणजे खाली बूम, वर चकाकी आणि मधे धुकं, असं आपण ठरवून टाकलंय. मग मला सांगा, घरातल्या जुन्या रेडिओवर, चार-पाच इंची स्पीकरवर, ज्यातून खालचा खर्ज धड येतही नव्हता, शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा एवढा भव्य कसा वाटायचा? मोनो रेकॉर्डिंग, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे माइक. तिथे कुठला सब-बास होता? नौशाद यांनी 'आन'साठी (१९५२) शंभराच्या घरात वादक बसवले होते. ते लहानशा स्पीकरमधूनही कळतं, कारण तो मोठेपणा आवाजाच्या तळाशी नव्हता, माणसामाणसांतल्या फरकात होता. तो फोनच्या स्पीकरवरही टिकतो. माझा राज्याभिषेक मी फोनवर वाजवून पाहिला. खालचा थर गळून पडला आणि उरला तो तोच बारशाचा ऑर्केस्ट्रा.

आणि त्या खुर्च्यांवर बसलेले होते कोण? हे निदान गोव्यात तरी सांगायची गरज पडू नये. पोर्तुगीज काळातल्या पारोकियाल शाळांत, गावच्या इगर्जीच्या मेस्त्रकडे छडी खात सोल्फेज आणि व्हायोलिन शिकलेली आमची माणसं. मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्राचा कणा ती होती. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा गोंयकार. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे त्यांचं नाव देशभर झालं, पण ज्याचं नाव घेतोय तो खरा माणूस कोण हे किती जणांना माहीत होतं? याच गोन्साल्विसनी १९५८ साली मुंबईत ११० वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना घेऊन. भारतीय रागांवरच्या स्वतःच्या रचना त्यातून वाजवल्या. तो प्रयोग टिकला नाही, पैसा नव्हता. पण हा माणूस 'मोठं' या शब्दाचा अर्थ जाणत होता.

मग १९८० आणि ९० च्या दशकांत सिंथेसायझर आला, पाठोपाठ संगणक आला आणि खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. आमच्या वाड्यावरचे ते वादक त्याच लाटेत परत आले. व्हायोलिनची पेटी कपाटावर ठेवली आणि काजूच्या बागेकडे बघू लागले. यंत्राला मी दोष देत नाही, ते येणारच होतं. पण आपण त्या वादकांना बाहेर काढलं, आणि आता ते नाहीत म्हणून जी पोकळी ऐकू येते ती लपवायला दरवाजे आपटतोय, गुरगुराट घालतोय. पोकळीवर रिव्हर्ब टाकला की पोकळी आणखीच मोठी होते, दुसरं काय होणार?

"बजेट नाही" हे नेहमीचं उत्तर. मीही देत होतो. आमच्या नाटकाचा हिशेब मी स्वतः लिहिलाय, म्हणून सांगतो. सब-वूफरचं जादा भाडं, म्हणजे जे पत्रे खडखडवायला वापरलं तेवढंच, एका व्हायोलिनवादकाला दोन दिवस बोलावून नीट मानधन देण्याइतकं होतं. मोठ्या सरकारी सोहळ्यांत यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम स्पीकरांच्या भिंतींवर जाते आणि गाणं मात्र पेन ड्राइव्हवरून वाजतं. पण मी सरकारी नोकर, तेव्हा या विषयावर एवढंच.

आणि एक व्हायोलिन आणून होतं काय, असं विचाराल तर पुष्कळ होतं. जगभर हे करतात, त्यात माझं काही नवं नाही. लायब्ररीची व्हायोलिनं मागे ठेवायची आणि त्यांच्यावर एका खऱ्या माणसाकडून तीच चाल वाजवून घ्यायची. एकदा नव्हे, तीन-चारदा, दर खेपेला खुर्ची आणि माइकमधलं अंतर बदलून, जमलं तर वाद्यही बदलून. मिश्रणात तो आवाज वेगळा ऐकू येईल इतका वर आणायचाच नाही. तरी बोचा खरखराट, स्वराकडे सरकत जाणं, ओळ संपताना सोडलेला दम हे सगळं मागच्या साठ पुतळ्यांना मिळतं आणि ते हलायला लागतात. बुद्धीला कळत असतं की एकच माणूस आहे, पण कान फसतात. ही फसवणूक मला चालते. तिच्यात निदान एकाच्या घरी पाकीट जातं.

"श्रोत्याला कुठे कळतंय" हे दुसरं उत्तर, आणि याचा मला जास्त संताप येतो. तियात्राला जाणाऱ्या माणसाला विचारा. कान्तार सुरू होण्याआधी खाली बसलेला ट्रंपेटवाला पहिला सूर फुंकतो तेव्हा अख्खं थिएटर सावरून बसतं. तिथे तीन-चारच वाद्यं असतात, पण तो ट्रंपेट मोठा की बारीक असं कुणी विचारत नाही. आमच्या मराठी नाटकवाल्यांनी मात्र ती जागा कधीच रिकामी केली. ऑर्गनवाला गेला, पाठोपाठ तबलजी गेला, आणि त्यांच्या खुर्चीवर मी लॅपटॉप घेऊन बसलो.

यंदा मे महिन्यात मी त्या शेजाऱ्यांकडे गेलो. पेटी कपाटावरून खाली काढली, तारा बदलायला मडगावला जाऊन आलो. बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, असं ते तीनदा म्हणाले. मागच्या खोलीत दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत आम्ही राज्याभिषेकाची तीच चाल चार वेळा वाजवून घेतली. चौथ्या खेपेला त्यांनी मला थांबवलं आणि चालीतला एक स्वर बदलायला सांगितला, कारण तिथे बो फिरवायला जागाच ठेवली नव्हती. लायब्ररीने हे मला कधी सांगितलं नसतं. मी खालचे सगळे थर काढून टाकले, दरवाजाही काढला. आवाज पूर्वीपेक्षा लहान आहे. त्यांनी हेडफोन लावून ऐकला आणि काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा लावायला सांगितला.

नाटकाच्या समितीला तो तुकडा पाठवलाय. 'अजून जरा मोठं करता येईल का' असा निरोप आलाय. मी कळवलंय, येईल, विंगेत दोन खुर्च्या ठेवा.