विश्लेषण: परवाना एकाचा, पिस्तूल दुसऱ्याच्या हातात, बंदुकीचे नियम नेमके काय सांगतात?

8 फेब्रुवारी 2024 ची संध्याकाळ. बोरिवली पश्चिमेच्या आयसी कॉलनीतल्या एका ऑफिसमधून फेसबुक लाइव्ह सुरू होतं. मॉरिस नोरोन्हासोबत बसलेले माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर कॅमेऱ्यासमोरच गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, गोळ्या मॉरिसने झाडल्या आणि नंतर त्याने स्वतःलाही संपवलं.

तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. पण तपासात समोर आलेली एक गोष्ट मागे राहिली. ते पिस्तूल मॉरिसचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाचं होतं. परवानाही उत्तर प्रदेशातला होता. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली.

मग प्रश्न पडतो, परवाना नक्की कशाचा मिळतो? बंदुकीचा की माणसाचा?

परवाना कोण देतं?

कायदा केंद्राचा आहे: शस्त्र कायदा 1959 आणि शस्त्र नियम 2016. मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. अर्जदाराचं वय किमान 21 हवं. जिवाला किंवा मालमत्तेला धोका का आहे, हे पटवून द्यावं लागतं. स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. अर्ज नाकारला तर अपील करता येतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षं झाली, तर एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा 3 वरून 2 वर आली.

पिस्तूल घेऊन बाहेर फिरता येतं?

परवान्यात तशी मुभा असेल तर येतं, पण झाकूनच. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल पूर्ण झाकलेलं आणि परवानाधारकाच्या ताब्यात असायला हवं. ते लोकांसमोर नाचवणं किंवा हवेत गोळीबार करणं म्हणजे परवाना गमावण्याची तयारी. लग्नाच्या वरातीतल्या अशा गोळीबाराने कुणाचा जीव धोक्यात आला, तर 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे शस्त्र बाळगणं हा घटनात्मक हक्क आहे. जून 2022 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ‘खास कारण दाखवा’ ही न्यूयॉर्क राज्याची अटही रद्द केली. भारतात असा मूलभूत हक्क नाही. इथे ‘कारण काय?’ हाच पहिला प्रश्न असतो.

गडबड कुठे होते?

परवाना माणसाला मिळतो, त्याच्या मालकाला, मित्राला किंवा भावाला नाही. परवाना नसलेल्याच्या हातात शस्त्र देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. घरात ते कुलपात ठेवणंही बंधनकारक आहे.

पण तपासणी होते ती अर्जाच्या आणि नूतनीकरणाच्या वेळी. मधल्या 5 वर्षांत पिस्तूल कुणाच्या कपाटात आहे, हे रोज कोण बघणार? शिवाय प्रामाणिक मालकाकडूनही चूक होतेच. 1 ऑक्टोबर 2024 ला जुहूच्या घरी अभिनेता गोविंदा यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली.

तुम्ही काय बघाल?

उपनगरांत सराफांची दुकानं, कॅश व्हॅन, बिल्डरांची ऑफिसं अशा अनेक ठिकाणी बंदूकधारी गार्ड दिसतात. तुमच्या दुकानात किंवा सोसायटीत असा गार्ड ठेवायचा असेल, तर मूळ परवाना मागा. त्यावर नाव आणि फोटो त्याचाच आहे का? मुदत संपलेली नाही ना? परवाना महाराष्ट्रात चालतो का? शंका वाटली तर स्थानिक पोलीस ठाण्यात विचारा. आणि ड्युटी संपल्यावर गार्डचं पिस्तूल तुमच्या ड्रॉवरमध्ये राहणार असेल, तर तिथेच नकार द्या. त्या ड्रॉवरला परवाना नाही.